लघुग्रहांच्या आघाताची संभाव्यता : अर्थ आणि मर्यादा

मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यान लघुग्रहांची सर्वाधिक गर्दी असली, तरी पृथ्वीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात ते तेथून निसटून पृथ्वीकक्षेच्या निकट आलेले लघुग्रह. अशा एखाद्या लघुग्रहाच्या आघाताची शक्यता अमुक टक्के असल्याची वार्ता प्रसिद्ध होते. काही दिवस ते टक्के वाढत जातात आणि मग एकाएकी शून्यावर येतात. विज्ञानेतर शाखांतील अभ्यासकांना यात शास्त्रज्ञांची धरसोड दिसते. वस्तुतः त्यामागील गणित सुसंगत असते.

नव्याने सापडलेल्या लघुग्रहाची निरीक्षणे मोजक्या रात्रींची असतात. त्यांवरून एकच कक्षा निश्चित होत नाही. अनेक संभाव्य कक्षा मिळतात. परिणामी भविष्यातील एखाद्या दिवशी तो नेमका कोठे असेल याचे उत्तर बिंदूच्या रूपात न मिळता लांबच लांब, चिंचोळ्या पट्टीच्या रूपात मिळते. पृथ्वी या पट्टीत येत असेल, तर पट्टीचा जो अंश ती व्यापते तो म्हणजे, ढोबळमानाने, आघाताची संभाव्यता. निरीक्षणे वाढली की पट्टी आखूड होते. पृथ्वीचा आकार मात्र तोच राहतो. साहजिकच पृथ्वीचा वाटा वाढतो. आखडत जाणारे टोक पृथ्वीला मागे टाकून पुढे सरकले, की संभाव्यता कोसळते.

२००४ मध्ये सापडलेल्या अपोफिसबाबत हेच घडले. त्या वर्षीच्या डिसेंबरात २०२९ मधील आघाताची संभाव्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्याच वर्षीच्या मार्चमधील जुन्या प्रतिमांत तो आढळताच ती शंका मिटली. १३ एप्रिल २०२९ रोजी तो भूपृष्ठापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २०३२ साठीची संभाव्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांवर पोहोचली आणि त्याच महिन्यात नगण्य झाली.

परंतु हे सारे गणित सापडलेल्या लघुग्रहांचे आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी खगोलशास्त्रज्ञांचे लक्ष एका पूर्वज्ञात लघुग्रहाकडे होते. तो सुमारे २७,७०० किलोमीटर अंतरावरून, भाकितानुसार, सुखरूप गेला. त्याच दिवशी सुमारे २० मीटर व्यासाचा, त्याच्याशी संबंध नसलेला दुसराच पाषाण रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटला. दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांनी. तो सूर्याच्या दिशेने आला होता. भूतलावरील दुर्बिणींना तिकडे पाहता येत नाही.

मग जुन्या विवरांच्या वयांवरून आघातांची वारंवारता काढावी काय? तेथेही अडचण आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. दहापटींचा हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

लघुग्रहाचा मार्ग बदलणे अशक्य नाही, हे नासाच्या डार्ट यानाने सप्टेंबर २०२२ मध्ये दाखविले. त्याच्या धडकेने डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रह-उपग्रहाचा ११ तास ५५ मिनिटांचा परिभ्रमणकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटला. वेगातील असा अल्पसा बदल पृथ्वी चुकविण्याइतका साचण्यास मात्र अनेक वर्षे लागतात. म्हणून शोध आधी लागणे अपरिहार्य ठरते. १४० मीटरहून मोठ्या पृथ्वीसमीप लघुग्रहांपैकी ९० टक्के शोधण्याचे उद्दिष्ट अमेरिकी काँग्रेसने २००५ मध्ये ठरविले. अंदाजानुसार त्यांतील निम्मेही अद्याप सापडलेले नाहीत.