गच्चीवरचा मनोरा आणि कानाजवळचा फोन

गावात किंवा शाळेशेजारी मोबाईलचा मनोरा उभा राहणार असे कळले की लोक धास्तावतात, अर्ज करतात, सभा भरवतात. त्याच सभेत कितीजण मोबाईल कानाला लावून बसले आहेत, हे मात्र कोणी मोजत नाही! यात भिण्यासारखे किती आणि काळजी घेण्यासारखे काय, ते आपण पाहू.

आकाशवाणीचा कार्यक्रम ज्या लहरींवरून आपल्या घरी येतो, त्यांच्याच कुळातल्या मोबाईलच्या या रेडिओ-लहरी. क्ष-किरण अणूतले इलेक्ट्रॉन उखडून काढू शकतात. या लहरींना ते सामर्थ्य नाही. फार जोरदार असल्या तर त्या शरीर तापवतात, एवढे सिद्ध झाले आहे. मग कर्करोगाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०११ साली त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातले. म्हणजे पुरावा अपुरा, पण शंका पुरती मिटलेली नाही. पुढे २०२४ साली संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

तरीही काळजी घ्यायची तर खरी गोम अंतरात आहे. चुलीपासून लांब सरकले की धग झपाट्याने कमी होते. या लहरींचेही तसेच: अंतर दुप्पट झाले की जोर चौथाईवर येतो. मनोरा बलवान खरा, पण तो दूर असतो. शिवाय त्याचा झोत समोर जातो, पायथ्याशी थोडाच पडतो. अँटेनाच्या अगदी पुढ्यात, तिच्याच उंचीवर उभे राहू नये, हे पथ्य पाळावे. फोन दुबळा असला तरी कानाला टेकलेला असतो.

दुसरी गोष्ट अशी की, मनोरा जितका दूर तितका फोन मोठ्याने ओरडतो. मुंबईत हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नावाचे स्टेशन आहे; तिथल्या कापूस बाजारावरून हे नाव पडले. या भागातल्या एखाद्या पत्र्याच्या गोदामात उभे राहून हमालाने घरी फोन लावला, तर पत्रा लहरी अडवतो आणि फोनला अधिक जोर लावावा लागतो. तोच हमाल दाराबाहेर आला की फोन कुजबुजल्यासारखा चालतो. म्हणून मनोरा हटवला की लहरी टळल्या, हा हिशेब बरोबर नाही. उलट अडल्या बाळंतिणीसाठी १०८ ची गाडी बोलवायला सिग्नल मिळेनासा होईल!

भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांची मर्यादा पूर्वीच्या एक-दशांशावर आणली. फोनसाठी शरीराच्या दर किलोला १.६ वॅट ही मर्यादा ठरवली. ती शरीराच्या एक ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर मोजतात. बहुतेक फोनांवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबले की आपल्या फोनचा आकडा दिसतो.

आता एवढे करावे. लांबलचक बोलणे असेल तर स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरावा. सिग्नलची एकच दांडी दिसत असेल तर उघड्यावर यावे, नाहीतर संदेश लिहून पाठवावा. फोन उशाशी घेऊन झोपू नये. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी तो छातीच्या खिशात ठेवू नये.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात, अंगणात आणि टेकडीवर सिग्नलच्या दांड्या मुलांकडून मोजून घ्या. मनोऱ्याविषयी गावाची सभा भरेल, तेव्हा ही मुले घरच्यांना नीट समजावून सांगतील.