वर थॉमसन, खाली टेक्सास!

नाशिक-सांगलीच्या बागेत द्राक्षघड थॉमसनचे असले, तरी पाणी ओढणारी मुळं बहुतेक ठिकाणी परदेशी. आपल्या बागायतदारांच्या तोंडी रुळलेला ‘डॉगरीज’ हा खुंट, म्हणजे कलमाखालचा मुळांचा भाग, मूळचा टेक्सासच्या रानद्राक्षांतला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सनं अमेरिकी मुळं जवळ केली ती फिलॉक्सेरा किडीच्या धाकानं. आपलं दुखणं निराळं: पाणी कमी आणि आहे तेही मचूळ.

आता गंमत ऐका. दुष्काळात तगणारा खुंट कमी पाणी पितो, असं बरेच जण धरून चालतात. डॉगरीज तसा मुळीच नाही. तो पैलवान गडी: जमिनीतून मिळेल तेवढं ओढायचं आणि वर पानांचा पसारा करून उडवायचं. म्हणून शेंडे खुडता खुडता मजूर दमतात, आणि जोर फार झाला की घड रोडावतात. 110 रिक्टर हा दुसरा लाडका खुंट त्या मानानं आटोपशीर. पाणी शोधणारा खुंट आणि पाणी वाचवणारा खुंट, यांतला फरक रोपं घेतानाच विचारलेला बरा!

खुंटाखुंटांत हा फरक पडतो कसा? माती कोरडी पडू लागली की मुळांकडून ॲब्सिसिक ॲसिड नावाचा निरोप वर जातो आणि पानांची रंध्रं मिटू लागतात. कुठला खुंट हा निरोप लवकर धाडतो, कुठला शेवटपर्यंत गप्प बसतो. पीचच्या बुटक्या खुंटांत तर पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच अरुंद आढळल्या; झाड ठेंगणं राहण्याचं ते एक मोठं कारण.

सफरचंदाचा जगप्रसिद्ध बुटका खुंट एम-9, इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंगचा. झाड छोटं, म्हणून एका झाडाची तहानही छोटी. पण मुळं उथळ, त्यामुळे ठिबक हवंच, आणि आधाराला काठी किंवा तारही. शिवाय एकरात झाडं दाटीनं लावतात. पाण्याचं बिल झाडागणिक न काढता एकरागणिक काढलं की बचतीचा तोरा उतरतो.

विदर्भात संत्र्याखाली बहुधा जंबेरीचा खुंट. तिथला बागायतदार बहारासाठी झाडाला मुद्दाम ताण देतो, म्हणजे दुष्काळाची तालीम दर हंगामात होतेच. ब्राझीलनं अवर्षणात टिकतो म्हणून रंगपूर लिंबाचा खुंट डोक्यावर घेतला. पुढे सडन डेथ रोगानं त्याच खुंटावरच्या बागा गाठल्या आणि रोग टाळणारे खुंट शोधावे लागले. त्यांतले काही पाण्याच्या बाबतीत भारी नखरेल.

चिकूला खिरणीचा खुंट चिवट, पण वाढीला इतका संथ की रोपवाटिकावाल्याचा धीर सुटावा.

आणि बोर? कोरडवाहू रानात रानबोरीचं बी जागेवरच पेरतात आणि वर आलेल्या रोपावर तिथंच डोळा भरतात. पिशवीत वाढवलं तर सोटमूळ तळाशी वेटोळं घालून बसतं, आणि बोरीची सगळी मिजास त्या सोटमुळावरच असते.