मांजराचें मूत्र अडलें असतां

मांजराच्या लघवीवर लेख लिहाल असें आम्हांस तरुणपणीं कोणीं सांगितलें असतें, तर आम्हीं तें थट्टेवारी नेलें असतें. परंतु आमच्याच घरांत, आमच्या डोळ्यांदेखत, एक धडधाकट बोका केवळ आमच्या अज्ञानामुळें मेला. आणि पुढें वीस-एकवीस वर्षांनीं दुसरा बोका त्याच दुखण्यांतून वांचला, तो घरांतील एका सुनेच्या चौकसपणामुळें. म्हणून, विषय किंचित् अप्रशस्त वाटला तरी, तो वाचकांपुढें मांडीत आहों.

पहिला प्रसंग १९९८ सालच्या मे महिन्यांतला. घरांत पुतणीचें लग्न होतें. पाहुण्यांची वर्दळ, मांडव, वाजंत्री, सगळा वाडा गजबजलेला. आमचा करडा बोका, वय चार-पांच वर्षांचें, परसांतल्या मातींत वारंवार जाऊन बसूं लागला. पाठीचा बांक करून कुंथे, दोन पावलें सरके, पुन्हां माती उकरी. मातोश्रींनीं निदान केलें कीं त्यास बद्धकोष्ठ झालें आहे. आम्हीं मान डोलावली आणि चमचाभर एरंडेल त्याच्या घशांत ओतलें. दुसरे दिवशीं तो माळ्यावर जाऊन बसला. कोणाला जवळ येऊं देईना, आणि दोनदां ओकला. तिसरे दिवशीं सकाळीं मुलांना तो धान्याच्या कणगीमागें थंड पडलेला सांपडला. कोणीं तरी विष घातलें असा तर्क निघाला, आणि शेजारच्या एका गृहस्थांवर संशयही घेण्यांत आला. विष खरोखरच होतें. पण तें बोक्याच्या स्वतःच्या शरीरांतलें होतें. ते गृहस्थ आतां हयात नाहींत, त्यामुळें त्यांची क्षमा मागण्याची सोय राहिली नाहीं.

झालें होतें तें असें. मूत्र म्हणजे शरीरांतील त्याज्य द्रव्यें बाहेर वाहून नेणारें पाणी. मूत्राशयाचा मार्ग बंद झाला कीं त्या पाण्याचा दाब मागें मूत्रपिंडांवर येतो, मूत्रपिंडांचें काम थांबतें, आणि जीं द्रव्यें बाहेर जावयाचीं तीं रक्तांत सांचूं लागतात. त्यांतील पोटॅशियम विशेष घातक. तें वाढलें म्हणजे हृदयाची गति बिघडते व शेवटीं हृदय थांबतें. मार्ग पुरता बंद झाल्यापासून २४ ते ४८ तासांत ही बाधा अंगांत भिनते, आणि उपाय न झाल्यास दोन-चार दिवसांत प्राण जातो. मांजरीचा मूत्रमार्ग आंखूड व रुंद असतो. बोक्याचा लांब असून टोंकाशीं फार निमुळता होतो. म्हणून ही आपत्ति बहुतेक बोक्यांवरच येते. मार्ग बंद होण्यास खडाच लागतो असेंही नाहीं. चिकट श्लेष्मा, झडलेल्या पेशी व बारीक स्फटिक यांचा गोळा होऊन त्याचेंच बूच बसतें.

आपल्या प्राचीन वैद्यांना माणसाच्या बाबतींत ही व्याधि चांगली ठाऊक होती. सुश्रुतानें निदानस्थानांत अश्मरीस स्वतंत्र अध्याय दिला आहे, आणि उत्तरतंत्रांत मूत्राघात व मूत्रकृच्छ्र यांचा निरनिराळा विचार केला आहे. मूत्र अडणें वेगळें आणि मूत्र कष्टानें होणें वेगळें. मांजराच्या बाबतींत हाच भेद जीवनमरणाचा ठरतो. वारंवार बसतें, विव्हळतें, थेंब थेंब होतो, क्वचित् तांबूस होतो, न्हाणीघरांत किंवा गादीवर लघवी करतें, अशा मांजरास एक-दोन दिवसांत वैद्याकडे न्यावें. परंतु बोका कुंथतो आहे आणि ओल मुळींच दिसत नाहीं, एवढें कळलें कीं रात्र असो वा सण असो, त्याच घटकेस निघावें. हें बद्धकोष्ठ असेल काय, असा वाद घरीं घालीत बसूं नये; तो वैद्यानें हात लावून सोडवावा. पोट दाबून पाहण्याचा मोहही टाळावा, कारण ताणलेलें मूत्राशय फुटण्याचें भय असतें.

आणखी एक लक्षण सहसा फसवितें. मार्जार हा शब्द 'मृज्' म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें या धातूपासून आला आहे, आणि मांजर अंग चाटतें तें आपण त्याच्या टापटिपीचें चिन्ह समजतों. पण जें मांजर सारखें एकाच ठिकाणीं, मागच्या पायांमध्यें, चाटीत बसतें तें स्वच्छतेसाठीं नव्हे, वेदनेमुळें चाटीत असतें.

दुसऱ्या बोक्याच्या वेळीं आम्ही शहरांत मुलाकडे राहत होतों. बोक्यासाठीं गच्चींत वाळूची पेटी होती. सायंकाळीं तो त्या पेटींत जाऊन कुंथूं लागला तेव्हां आमच्या तोंडून जुनाच शब्द निघाला, बद्धकोष्ठ. सूनबाई म्हणाली, "मामंजी, तो शौचाला नाहीं, लघवीला बसतो आहे. सकाळपासून वाळू कोरडी आहे." आम्हीं एरंडेलाची बाटली परत फडताळांत ठेवली. अर्ध्या तासांत बोका वेताच्या टोपलींत आणि टोपली वैद्याच्या मेजावर. पोटाला हात लावतांच लिंबाएवढा कठीण गोळा लागला, तेंच मूत्राशय. भूल देऊन बारीक नळी घातली, मिठाच्या निर्जंतुक पाण्यानें मार्ग धुतला, शिरेंतून सलाईन दिलें, रक्तांतील पोटॅशियम तपासलें. नळी दोन दिवस ठेवावी लागली. तिसरे दिवशीं घरीं आला तो थेट देवघरांत शिरून नैवेद्याच्या वाटीपाशीं बसला.

घरगुती औषधांविषयीं येथें दोन शब्द कठोरपणें लिहिणें भाग आहे. मूत्र वाढविणारे काढे, गोखरू असो, पुनर्नवा असो कीं सातूचें पाणी असो, वाट बंद असतां देणें म्हणजे तुंबलेल्या हौदांत आणखी पाणी सोडणें होय. आणि माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास कधींही देऊं नये. तें औषध निरुपद्रवी करण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत नाहीं. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी त्याचा प्राण घेऊं शकते.

आतां कारणांकडे वळूं. खडे होतात हें खरें. त्यांतील स्ट्रुव्हाइट नांवाचे विशिष्ट आहारानें विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहींत, ते बहुधा शस्त्रक्रियेनें काढावे लागतात. जंतूंची बाधा तरुण मांजरांत थोडी, वृद्धांत अधिक. म्हणून तपासणी न करतां जंतुनाशक औषधें देणें व्यर्थ. परंतु दहा वर्षांखालील मांजरांत मूत्राशयाचा दाह होतो त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांत खडाही सांपडत नाहीं आणि जंतूही नाहींत. या जातीच्या दाहाचा मनाच्या अस्वास्थ्याशीं निकट संबंध आहे. अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठांत टोनी बफिंग्टन यांनीं या विषयाचा दीर्घ अभ्यास केला. घर बदलणें, नवें मांजर येणें, जेवणाची वेळ चुकणें, परक्या माणसांचा गलबला, एवढ्यानें मांजर आजारी पडतें. १९९८ सालचें आमचें लग्नघर आम्हांस या ठिकाणीं आठवतें. हा दाह, मार्ग बंद नसल्यास, बहुधा आठवड्याभरांत आपोआप शमतो. त्या आठवड्यांत जो काढा दिला असेल तो रामबाण म्हणून गांवभर गाजतो!

दुसरें कारण पाणी. मांजराचा मूळ पूर्वज रुक्ष प्रदेशांतील रानमांजर; तहान मंद आणि मूत्र घट्ट, ही त्याची वंशपरंपरा. अमरकोशांत मांजरास 'आखुभुक्', म्हणजे उंदीर खाणारा, असें नांव आहे. उंदराच्या देहांत शेंकडा सुमारें ७० भाग पाणीच असतें, त्यामुळें आखुभुक् पाणी न पितांही भागवीत असे. हल्लींच्या कोरड्या दाण्यांत तें शेंकडा १० च्या आसपास असतें. यास्तव ओलें अन्न द्यावें, दाण्यांवर पाणी घालावें, आणि पाण्याचीं भांडीं अन्नापासून दूर दोन-तीन ठिकाणीं ठेवावीं. दूध म्हणजे पाणी नव्हे. पुष्कळ मोठ्या मांजरांना तें पचतही नाहीं. आणि नुसत्या दूधभातावर मांजर पोसणाऱ्या आमच्यासारख्या घरांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं टॉरिन नांवाचें मांसांतील द्रव्य न मिळाल्यास मांजराची दृष्टि जाते हें १९७५ सालीं, व हृदय निकामी होतें हें १९८७ सालीं सिद्ध झालें. सोवळें आपलें, मांजराचें नव्हे. त्याचें तयार अन्न आमच्या घरीं गच्चींतल्या कपाटांत वेगळें असतें, आणि यावरून अद्याप कोणाचा धर्म बुडाल्याचें ऐकिवांत नाहीं.

म्हाताऱ्या मांजराचें लक्षण उलट असतें. तें फार पाणी पितें, फार मुततें आणि वाळत जातें. हा मूत्रपिंडांचा जुनाट क्षय किंवा मधुमेह असूं शकतो. रक्तांतील क्रिएटिनिन स्पष्ट वाढेपर्यंत मूत्रपिंडांची सुमारें तीन-चतुर्थांश शक्ति गेलेली असते, यासाठीं सात-आठ वर्षांनंतर दरसाल रक्त व मूत्र तपासून घ्यावें. जवळ वैद्य नसेल तर मुंबईस १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे, सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथेंही आहे.

आमच्या बोक्यास दोन वर्षांनीं पुन्हां तीच बाधा झाली. एकदां अडलेल्यांपैकीं पुष्कळांना ती पुन्हां होते. वरचेवर अडूं लागल्यास मार्गाचें निमुळतें टोंक कापून वाट रुंद करण्याची शस्त्रक्रिया आहे. आमच्यावर ती वेळ आली नाहीं, कारण या खेपेस तीन तासांतच कळलें. सूनबाईंनीं तेव्हांपासून घरांत पाळी लावून दिली आहे, आणि रात्रीं दिवे मालवण्यापूर्वीं वाळू ओली कीं कोरडी हें पाहण्याचें काम सध्यां आमच्याकडे आहे.