कॅल्शियमची बाटली आणि पिल्लाची ताटली

भंडारा जिल्ह्यात शर्यत म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो शंकरपट आणि पटाचे बैल. ग्रेहाऊंड किंवा कारवानी कुत्र्यांच्या शर्यती इथल्या नव्हेत, त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या काही गावांत होतात. पण लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर ही मोठ्या जातीची कुत्री आता तुमसर, साकोली, पवनीतल्या घरांतही दिसतात आणि पिल्लासोबत घरात बहुधा कॅल्शियमची बाटलीही येते. विकणारा सांगतो, शेजारी दुजोरा देतो आणि मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय ती काढून देतो. हाडे कॅल्शियमची असतात, तेव्हा कॅल्शियम जितके जास्त तितकी हाडे मजबूत, असा यामागचा सरळ हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. कॅल्शियम हे टॉनिक नाही, ते एक माप आहे, आणि ते माप ताटलीत बाकी काय वाढले आहे त्यावर ठरते. म्हणूनच एकच बाटली एका पिल्लाला तारते आणि दुसऱ्याला अधू करते.

आधी कमतरतेची बाजू पाहू, कारण आपल्या धानाच्या जिल्ह्यात ती खरी आहे. वाढत्या पिल्लाला दर 1000 कॅलरी अन्नामागे सुमारे 3 ग्रॅम, म्हणजे 3000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे 2006 चे प्रमाण सांगते. प्रौढ कुत्र्याचे याच्या एक तृतीयांशात भागते. आता दूधभाताचा हिशेब करा. साधारण 190 ग्रॅम तांदूळ आणि अर्धा लिटर गाईचे दूध मिळून जवळपास 1000 कॅलरी होतात. तांदळातून कॅल्शियम मिळते जेमतेम 20 मिलिग्रॅम आणि दुधातून सुमारे 600. गरजेचा हा फक्त पाचवा हिस्सा झाला. वरणाने यात फारसा फरक पडत नाही. शिवाय धान्य-डाळींतला फॉस्फरस बराचसा फायटेटच्या रूपात असतो आणि हे फायटेट आहे तेवढे कॅल्शियमही अडवून धरते. दूध वाढवावे, तर आईचे दूध सुटल्यावर पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही आणि हगवण लागते. म्हणजे ज्या घरात दूधभात हेच पिल्लाचे जेवण आहे, तिथे कॅल्शियम कमी पडते, ही तक्रार रास्तच आहे.

मांस खाणाऱ्या पिल्लाचे तरी बरे असेल, असे वाटते. पण बिनहाडाच्या मांसाची स्थिती याहून बिकट आहे. शंभर ग्रॅम कोंबडीच्या मांसात कॅल्शियम 10-12 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे 200 मिलिग्रॅम असतो. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने आणि फार तर दुप्पट असावे लागते, इथे ते जेमतेम विसाव्या हिश्शाइतके असते. रक्तातले कॅल्शियम घसरू लागले की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि हाडांतले कॅल्शियम काढून रक्तात सोडतात. हृदय आणि स्नायू चालू राहतात, पण किंमत हाडे मोजतात. ती पातळ होतात, पिल्लू चालायला कुरकुरते, साध्या उडीतही हाड मोडते. बोलताना आपण याला मुडदूस म्हणतो, पण खरा मुडदूस ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. इथे मूळ दोष असतो तो कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या बिघडलेल्या तोलाचा.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग बाटली देण्यात गैर ते काय? गैर हे की प्रत्येक ताटली दूधभाताची नसते. मोठ्या जातीचे पिल्लू घेणारे कितीतरी लोक पिल्लांसाठीचे तयार खाद्य देतात आणि त्यावर कॅल्शियमही देतात. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियामकांच्या आफको या संघटनेच्या मापांनुसार पिल्लांच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या किमान 1.2 टक्के कॅल्शियम हवे, आणि मोठेपणी 32 किलोच्या आसपास किंवा त्याहून भारी होणाऱ्या जातींच्या पिल्लांसाठी त्याची कमाल मर्यादा 1.8 टक्के आहे. दिवसाला 300 ग्रॅम खाद्य खाणाऱ्या पिल्लाला 1.2 टक्क्यांच्या हिशेबाने साडेतीन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आधीच मिळते. त्यावर अंड्याच्या टरफलाची पूड दोन चमचे टाकली, तर आणखी चारेक ग्रॅमची भर पडते आणि प्रमाण अडीच टक्क्यांवर जाते. दोन चमच्यांत पिल्लू मर्यादेच्या बरेच पलीकडे पोचते आणि घरच्यांना वाटत असते की आपण त्याची काळजी घेतो आहोत.

‘जास्त झालेले बाहेर पडून जाते’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. प्रौढ कुत्र्याबाबत तो बराचसा खरा आहे, कारण त्याचे आतडे गरजेपुरते शोषून घेते. लहान पिल्लाबाबत मात्र तो खोटा ठरतो. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात हेरमान हाझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर याचा अभ्यास केला. काही पिल्लांच्या खाद्यात 1.1 टक्के कॅल्शियम होते, काहींच्या 3.3 टक्के. जास्त कॅल्शियम खाणाऱ्या पिल्लांच्या सांध्यांतल्या आणि हाडांच्या वाढत्या टोकांच्या कूर्चेचे हाडात रूपांतर होणे रखडले आणि काहींचे पुढचे पाय वाकडे झाले. आतड्याची शोषण आवरण्याची ताकद पहिल्या सहा महिन्यांत पुरती आलेली नसते, त्यामुळे जितके घालावे त्यातला मोठा वाटा अंगात शिरतो. त्याच जातीच्या पिल्लांना 0.55 टक्के, म्हणजे फारच कमी कॅल्शियम दिल्यावर हाडे ठिसूळ होऊन मोडली. दोन्ही टोकांना नुकसानच. छोट्या पूडल जातीच्या पिल्लांनी मात्र कमी-जास्त प्रमाण बऱ्याच अंशी निभावून नेले. शेजारच्या पॉमेरेनियनला बाटली देऊन काही झाले नाही, हा दाखला रॉटवायलरच्या पिल्लाला लागू पडत नाही तो यामुळे. धानाच्या बांधीत युरिया गरजेपेक्षा जास्त पडला की पीक हिरवेगार, उंच दिसते आणि ऐन वेळी लोळते. मोठ्या जातीच्या पिल्लाला भरमसाट चारणे आणि वर कॅल्शियम ओतणे हा त्यातलाच प्रकार.

‘आमच्या आजोबांची कुत्री भातावरच वाढली, त्यांना कुठे काय झाले?’ हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. गावठी कुत्रे मध्यम अंगाचे असते आणि बेताने वाढते. शिवाय ते केवळ भातावर कधीच जगले नाही. बोडी-तलावाकाठी फेकलेली मासळीची डोकी, काटे, उंदीर, मेलेल्या जनावरांची हाडे हे सगळे त्याच्या पोटात जात होते. त्यातून किती पिल्ले वर्षाच्या आत मेली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. जगली तेवढीच आपल्या आठवणीत राहिली. याउलट ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः जेमतेम अर्धा-पाऊण किलोचे असते आणि दीड वर्षात पन्नास-साठ किलोंवर जाते. एवढ्या वेगात मापाची चूक खपत नाही, आणि दारात बांधलेल्या कुत्र्याला बाहेरून भरपाई मिळवण्याची सोयही नाही.

दुसरा दाखला गोठ्यातला. व्यालेल्या गाईला दुग्धज्वर झाला की डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात आणि पडलेली गाय उठून उभी राहते. हे भंडाऱ्यातल्या दूध उत्पादकाने पाहिलेले असते, म्हणून कॅल्शियमवर त्याचा विश्वास बसतो. पण त्या गाईचे कॅल्शियम एकाएकी दुधात निघून गेलेले असते. पिल्लाचे तसे काही झालेले नसते. उलट याच आजाराचा दुसरा धडा आपण विसरतो. विण्याआधी भरपूर कॅल्शियम दिले तर हाडांतून कॅल्शियम काढणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि ऐन गरजेच्या वेळी गाय कोसळते. कुत्रीचेही तसेच आहे. गाभणपणात मनाने कॅल्शियम पाजलेल्या कुत्रीला पिल्ले अंगावर पीत असताना झटके येण्याचा धोका वाढतो.

शर्यतीच्या कुत्र्याला तरी जादा कॅल्शियम लागत असेल, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. कुत्र्याच्या घामातून म्हणण्यासारखे कॅल्शियम जात नाही. पळणारे कुत्रे जास्त खाते आणि अन्न संतुलित असेल तर त्याबरोबर कॅल्शियमही वाढते. ग्रेहाऊंडच्या मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातले एक छोटे हाड शर्यतीत मोडते, ही पशुवैद्यकात प्रसिद्ध असलेली दुखापत आहे. तिचे कारण, घड्याळाच्या उलट दिशेने धावताना वळणावर त्याच पायावर पुन्हा पुन्हा येणारा ताण. ती सिरपने टळत नाही. शर्यतीच्या कुत्र्याला निव्वळ मांसावर ठेवले असेल, तर मात्र त्याला कॅल्शियम द्यावेच लागते. इथेही निकाल लागतो तो ताटलीवरूनच.

काही समजुती मात्र झटपट निकालात काढता येतात. जर्मन शेफर्डचे कान कॅल्शियमने उभे राहत नाहीत. कान कूर्चेचा असतो, आणि दात येण्याच्या काळात तो काही दिवस पडूही शकतो. पिल्लाला उन्हात बसवून ड जीवनसत्त्वाची गरज भागत नाही. कुत्र्याची कातडी ते पुरेसे तयारच करू शकत नाही, त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. अनेक सिरपांत कॅल्शियमबरोबर हे जीवनसत्त्वही असते आणि ते अंगात साठून राहते, म्हणून ‘एक चमचा जास्त गेला तर काय होते’ असे म्हणता येत नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचे पुढचे पंजे वाकडे दिसले, तर दोष गुळगुळीत टाइल्सचा आणि अति चारण्याचाही असू शकतो. आणि खर्ऱ्यात पडणारा चुना पिल्लाला कधीही देऊ नये, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो.

मग करावे काय? पिल्लांचे, आणि मोठी जात असेल तर मोठ्या जातीच्या पिल्लांचे संतुलित खाद्य देत असाल, तर कॅल्शियम बंद ठेवा. घरचेच देत असाल, तर फक्त बाटली जोडून प्रश्न सुटत नाही, कारण दूधभातात प्रथिने, जस्त आणि ड जीवनसत्त्वही कमी असते. अंडी द्यावीत, आणि आपल्या तलावांतली छोटी मासळी कुकरमध्ये काटे मऊ होऊन कुस्करले जाईपर्यंत शिजवून द्यावी. कोंबडीची शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांच्या चिपा आतड्यात रुततात. टरफलाच्या एका चमचा पुडीत सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते, हे ध्यानात ठेवून ती मोजूनच घालावी. बाटलीवरचे आकडेही नीट वाचावेत. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये 40 टक्के कॅल्शियम असते, ग्लुकोनेटमध्ये फक्त 9. आणि पिल्लू लंगडत असेल, तर अंदाजाने औषध न देता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. गरज पडली तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. डॉक्टरांना ‘कोणते कॅल्शियम देऊ’ असे विचारण्याआधी पिल्लू दिवसभरात काय आणि किती खाते ते कागदावर लिहून न्या. बाटली द्यायची की बंद करायची, याचे उत्तर त्या कागदावरूनच मिळेल.