८२ मॅचेसची कमाई, एका रात्रीत हिशोब: एनबीएचं प्लेऑफ गणित

आजचा विषय एनबीए. बास्केटबॉल फारसं बघत नसाल तरी थांबा, कारण आज डंक आणि थ्री-पॉइंटरबद्दल बोलायचंच नाहीये. आजचा प्रश्न साधा आहे: सीझनभर जास्त मॅचेस जिंकलेली टीम घरी बसली आणि कमी जिंकलेली प्लेऑफमध्ये गेली, तर तो अन्याय म्हणायचा का?

एनबीएमध्ये हे खरंच होतं, आणि दोन वेगळ्या कारणांनी होतं. वादावादीत लोक दोन्हीची खिचडी करतात. आपण ती कारणं सुटी करून बघू.

आधी रचना समजून घेऊ. ३० टीम्स आहेत. साधारण भूगोलावरून त्यांचे दोन गट पडतात, ईस्ट आणि वेस्ट, प्रत्येकी १५. प्रत्येक टीम ८२ मॅचेस खेळते. त्यातल्या ५२ आपल्याच गटात आणि ३० समोरच्या गटाशी. शेवटी दोन्ही गटांतून आठ-आठ टीम्स प्लेऑफला जातात.

पहिली गडबड इथेच आहे. गट पाडताना ताकद कोणी बघितलेली नाही. २०१३-१४ चा सीझन घ्या. फिनिक्स सन्सनी ४८ मॅचेस जिंकल्या, ३४ हरल्या. वेस्टमध्ये नंबर आला नववा, म्हणजे बाहेर. त्याच वर्षी ईस्टमधून अटलांटा हॉक्स आठव्या नंबरवर आत गेले, ३८ जिंकून आणि ४४ हरून! फरक तब्बल दहा मॅचेसचा. आणि खरं तर तो दहाहून मोठाच धरायला हवा, कारण सन्सनी त्यांच्या ५२ मॅचेस त्या वर्षीच्या अवघड गटात खेळल्या होत्या. हे एकदाच घडलं असंही नाही. २००७-०८ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स ४८ जिंकून बाहेर राहिले आणि ३७ जिंकलेले हॉक्स आत. हो, तेव्हाही हॉक्सच!

मग गट सोडून सरळ पहिल्या १६ टीम्स का घेत नाहीत? महिलांच्या लीगने, म्हणजे डब्ल्यूएनबीएने, २०१६ पासून हेच केलं. गट कुठलाही असो, सगळ्यात वरच्या आठ टीम्स प्लेऑफला. पण तिथे तेव्हा टीम्सच १२ होत्या. एनबीएत एकच यादी लावायची तर सगळ्यांचं वेळापत्रक सारखं हवं. प्रत्येकाला २९ प्रतिस्पर्धी. प्रत्येकाशी दोनदा खेळलात तर ५८ मॅचेस होतात, तीनदा खेळलात तर ८७. ८२ कशातच बसत नाही. त्यात प्रवास. बॉस्टन ते पोर्टलंड साधारण चार हजार किलोमीटर, आणि अशी सिरीज सात मॅचेसपर्यंत जाऊ शकते. कमिशनर ॲडम सिल्व्हर यांनीही प्रवासाची अडचण बोलून दाखवली आहे. माझ्या मते आणखी एक साधं कारण आहे. असा बदल करायचा तर टीममालकांची मंजुरी लागते, आणि ज्यांना आत्ताच्या पद्धतीचा फायदा होतो ते कशाला हात वर करतील?

आता दुसरं कारण, प्ले-इन. हे २०२०-२१ पासून सध्याच्या रूपात आलं आणि २०२२ मध्ये कायमचं झालं. पहिले सहा नंबर थेट आत. उरलेल्या दोन जागांसाठी सातवा, आठवा, नववा आणि दहावा भांडतात. सातवा विरुद्ध आठवा, जिंकेल तो आत. नववा विरुद्ध दहावा, हरेल तो बाहेर. मग पहिल्या मॅचमध्ये हरलेला आणि दुसऱ्या मॅचमध्ये जिंकलेला यांच्यात शेवटच्या जागेसाठी मॅच. आयपीएल बघणाऱ्यांना हे लगेच ओळखू येईल: क्वालिफायर वन, एलिमिनेटर, क्वालिफायर टू. तोच सांगाडा आहे, फक्त फायनल काढून टाकलेली.

थोडं गणित करू. समजा प्रत्येक मॅच फिफ्टी-फिफ्टी आहे. सातव्या-आठव्याला दोनपैकी एकच मॅच जिंकायची असते, म्हणून आत जायची शक्यता ७५ टक्के. नवव्या-दहाव्याला लागोपाठ दोन जिंकाव्या लागतात, म्हणून २५ टक्के. वरच्याला तिप्पट संधी. वाईट नाही, नाही का? पण या गणितात एक गोष्ट कुठेच येत नाही: आठवा नवव्याच्या किती पुढे होता?

दोन सीझन शेजारी ठेवून बघा. २०२०-२१ मध्ये मॅचेस ७२ च होत्या. आठव्या नंबरवर वॉरियर्स, ३९ जिंकून. नवव्यावर मेम्फिस ग्रिझलीज, ३८ जिंकून. प्ले-इनमध्ये ग्रिझलीजनी ओव्हरटाइममध्ये वॉरियर्सना हरवलं आणि ते आत गेले. वॉरियर्सच्या चाहत्यांना झोंबलं असणार, पण एका मॅचचा फरक होता. एकमेकांशी खेळून निकाल लागला, ठीक आहे.

पुढच्याच वर्षी, २०२१-२२ मध्ये, आठव्या नंबरवर लॉस एंजेलिस क्लिपर्स होते, ४२ जिंकून ४० हरलेले. नववे न्यू ऑर्लिन्स पेलिकन्स, ३६ जिंकून ४६ हरलेले. म्हणजे पूर्ण सहा मॅचेसचा फरक. क्लिपर्स आधी मिनेसोटाकडून हरले, मग घरच्या कोर्टवर पेलिकन्सकडून १०५-१०१ ने हरले. त्या दिवशी त्यांचा स्टार पॉल जॉर्ज कोविडच्या नियमांमुळे खेळू शकला नव्हता. सहा महिन्यांत कमावलेली आघाडी चार पॉइंट्समध्ये संपली. कागदावर या दोन्ही वर्षी निकाल एकच: नवव्याने आठव्याला बाहेर काढलं. पण दोन्ही सारखेच न्याय्य आहेत असं मला तरी म्हणता येत नाही.

गंमत म्हणजे यावरचा उपाय एनबीएने आधीच लिहून ठेवला होता. २०२० मध्ये कोविडमुळे सीझन ऑर्लँडोजवळच्या बबलमध्ये संपवला, तेव्हाच्या प्ले-इनमध्ये एक अट होती. आमच्या भाषेत एक इफ कंडिशन. नववा आठव्याच्या चार मॅचेसच्या आत असेल, तरच प्ले-इन. आणि तेव्हाही नवव्याला दोनदा जिंकायचं, आठव्याला एकदाच. वेस्टमध्ये पोर्टलंड आणि मेम्फिस अगदी जवळ होते, मॅच झाली, पोर्टलंड आत. ईस्टमध्ये ऑर्लँडो वॉशिंग्टनच्या बरंच पुढे होतं, म्हणून तिथे प्ले-इन झालंच नाही. पुढच्या आवृत्तीत ही अट उडाली. ती २०२२ मध्ये असती तर क्लिपर्स-पेलिकन्स मॅचच झाली नसती.

अट का उडाली असेल, याचा अंदाज बांधणं अवघड नाही. अट असली की प्ले-इन होणार की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि टीव्हीवाल्यांना तारीख पक्की लागते. प्ले-इनचा खरा फायदाही आहे, तो नाकारून चालणार नाही. पूर्वी अकराव्या-बाराव्या नंबरच्या टीम्स मार्चमध्येच हात टेकायच्या, कारण खाली राहिलं की ड्राफ्टमध्ये चांगला खेळाडू मिळायची शक्यता वाढते. आता दहाव्या नंबरसाठीही चुरस असते. २०२३ मध्ये मायामी हीट प्ले-इनमधून आठवे म्हणून आत आले आणि थेट फायनलपर्यंत पोचले. पण लक्षात घ्या, सीझनअखेर ते सातवे होते. पहिली मॅच हरूनही ते टिकले, कारण वरच्या नंबरला मिळणारी दुसरी संधी त्यांच्याकडे होती.

म्हणून माझं मत सांगतो. गट मोडणं अवघड आहे. प्रवास, वेळापत्रक, मालक, सगळंच आड येतं. पण चार मॅचेसची अट परत आणायला ना नकाशा बदलावा लागतो, ना कॅलेंडर. नियमाची एक ओळ परत लिहायची आहे. फरक कमी असेल तर खेळा, जास्त असेल तर आठव्याला त्याची जागा देऊन टाका.

पुढच्या एप्रिलमध्ये प्ले-इन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी टेबल उघडा आणि फक्त आठव्या-नवव्यातला फरक बघा. चारपेक्षा जास्त दिसला, तर ती मॅच व्हायला हवी की नको, ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!