ससा वयात येतो तेव्हा

मुलांच्या हट्टापायी बाजारातून आणलेली सशाची दोन पिल्ले तीन-चार महिने गुण्यागोविंदाने राहतात. मग एकाएकी त्यातला एक आपल्या पायाभोवती गोल गोल धावू लागतो, घुर्र घुर्र आवाज काढतो, हाताला-पायाला बिलगून चढू पाहतो, लघवीची चिळकांडी उडवतो. दुसरी, पिंजऱ्यात हात घातला की अंगावर येते, चावते. वस्तीत फिरताना यावर आम्हाला दोनच उपाय ऐकू येतात : फटका द्या, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. कुणी नजर लागली म्हणते.

नजरबिजर काही नसते. ससा साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात वयात येतो. शरीरात संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, वाढतात आणि ती त्याला जोडीदार शोधायला, आपली जागा राखायला लावतात. मार खाल्ल्याने हार्मोन्स कमी होत नाहीत. ससा फक्त घाबरतो. घाबरून त्याने मागचे पाय जोरात झाडले तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. म्हणून कान धरून उचलू नका, छातीखाली आणि ढुंगणाखाली हात देऊन उचला. मुले विचारतील, हा असे का करतो? त्यांना गप्प बसवू नका. वयात येणे म्हणजे काय हे घरात न लाजता बोलायला यापेक्षा सोपे निमित्त मिळणार नाही.

मादीचे गणित वेगळे आहे. तिचे बीज नराशी संग झाल्यावर सुटते, त्यामुळे ती जवळपास केव्हाही गाभण राहते. सुमारे 31 दिवसांत पिल्ले होतात, आणि नर जवळ असेल तर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. भाऊ-बहीण असा भेद सशांत नसतो. 'दोन्ही माद्याच आहेत' या दुकानदाराच्या शब्दावर राहू नका, लहान पिल्लांत नर-मादी ओळखताना जाणकारही चुकतात. तीन महिने झाले की डॉक्टरांकडून खात्री करून घ्या आणि तोवर वेगळे ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा ससे कसे होतात, ते आम्ही पाहिले आहे.

कधी एकटी मादीही छातीचे केस उपटून घरटे करते. ही खोटी गर्भारकी. दोन-अडीच आठवड्यांत आपोआप ओसरते.

खरा उपाय नसबंदीच्या शस्त्रक्रियेचा. वय वाढलेल्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग खूप होतो, तोही त्याने टळतो. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल सर्वांना ठाऊक आहे. इतरत्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. मात्र कुठेही गेलात तरी सशांची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत का, हे आधी विचारा. माणसासारखे सशाला त्याआधी उपाशी ठेवत नाहीत, कारण त्याला उलटी होतच नाही. नसबंदीनंतरही नराला महिनाभर मादीपासून दूरच ठेवा.

सगळी धावपळ मात्र हार्मोन्सची नसते. हवेत उडी मारून अंगाला पीळ देणे, धाडकन कुशीवर लवंडणे, हा आनंद. मागचा पाय जमिनीवर आपटणे, ही भीती. पण अर्धा दिवस ससा काहीच खात नसेल, लेंड्या पडत नसतील, दात करकरा वाजवत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात तोंड उघडून धापा टाकणारा ससा उष्माघाताचा रोगी समजा. त्याला सावलीत आणा, कान ओल्या फडक्याने पुसा आणि दवाखान्यात न्या. घरातली उरलेली अमॉक्सिसिलीनची गोळी कधीही देऊ नका, तिने सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही दगावतो.

ससा चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि कोणता प्राणी चावला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.