बेसचा टोन मांडवात ठरतो

चार बेस गिटारी शेजारी ठेवून, वाजवून त्यातली एक निवडायची तर पवनारच्या मुलाला सत्तरेक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. मोबाईल मात्र खिशातच असतो. त्यावर एकाच व्हिडिओत फेंडरची प्रिसिजन, फेंडरचीच जॅझ आणि म्युझिक मॅनची स्टिंगरे एकामागोमाग ऐकायला मिळतात. कोणती पेडल कोणत्या क्रमाने जोडली आहेत तेही खाली लिहिलेले असते. अडचण एवढीच की मोबाईलच्या स्पीकरमधून बेसचा खर्ज बाहेरच पडत नाही. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची ई तार 41.2 हर्ट्झला बोलते आणि तळहातात मावणाऱ्या फोनचा स्पीकर दोनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पैसे मोजायचे तीच न ऐकता आपण तुलना करत असतो.

तुलनेची पहिली अट म्हणून साधी आहे: असे व्हिडिओ चांगल्या हेडफोनवरच ऐकावेत. दुसरी अट अवघड आहे. एकट्या वाजणाऱ्या बेसचा टोन आवडला म्हणून निर्णय घेऊ नये. चौदा एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात, गणपतीच्या मांडवात किंवा नवरात्रातल्या ऑर्केस्ट्रात बेस कधीच एकटी नसते. ढोलकी, डग्गा, कीबोर्ड, हार्मोनियम आणि गायकाचा गळा यांच्या गर्दीत जो टोन उरतो, तोच खरा टोन. बेस, पिकअप आणि पेडल यांची निवड या एका कसोटीवर करून पाहू.

न वाजणारा सूर कसा ऐकू येतो

फोनवर खर्ज नसूनही कुठला सूर वाजतोय ते कळते, याचे कारण तारेत आहे. तार पूर्ण लांबीने हलते, त्याच वेळी अर्ध्या, एक तृतीयांश, एक चतुर्थांश भागांतही हलते. ई तार छेडली की 41.2 सोबत 82.4, 123.6, 164.8 असे उपस्वर निघतात. मूळ सूर स्पीकरने गाळला तरी उपस्वरांमधले अंतर 41.2 चेच राहते आणि मेंदू तो पाया स्वतःच घालून घेतो. टोन म्हणजे या उपस्वरांचे आपसातले प्रमाण. बेसवादक नॉब फिरवतो, तारा बदलतो, पेडल विकत घेतो. बदलते ते हे प्रमाण.

आपल्याकडे हे गणित तानपुऱ्याने फार आधी सोडवले आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार 69.3 हर्ट्झच्या आसपास असते. तो खर्ज मैफलीत मागच्या रांगेपर्यंत पोचतो तो जवारीमुळे. रुंद, किंचित गोलाई दिलेल्या घोडीवर तार घासत सुटते, तिच्याखाली दोरा सरकवून नेमकी जागा साधली जाते आणि उपस्वरांचा झोत निघतो. मिरजेच्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत याच गोलाईवर खर्च झाली आहे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना या घोडीचे वेगळेपण दाखवून दिले. साध्या तारेला जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर निघत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर गायब होतात. तानपुरा हा नियम जुमानत नाही.

बेस गिटार मात्र जुमानते. तिला जवारी नाही. त्यामुळे तार कुठे छेडली आणि पिकअप कुठे बसवला आहे, या दोन जागांवर तिच्या टोनचा मोठा हिस्सा अवलंबून असतो.

पिकअप: आधी जागा, मग जात

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजेच कॉइल. वर स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरडेने 1831 मध्ये मांडलेला नियम तो हाच. पिकअप आपल्या डोक्यावरचा तारेचा तुकडा तेवढा ऐकतो. घोडीजवळ तार कमी हलते, तिथे मूळ सूर क्षीण आणि उपस्वर ठळक, म्हणून आवाज कडक. दांडीकडे सरकले की तार मोठी हलते आणि आवाज गोल, जाड होतो.

लिओ फेंडरची प्रिसिजन बेस 1951 मध्ये आली. दांडीवर पडदे बसवल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून हे नाव. 1957 मध्ये तिला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला. खालच्या दोन तारांना एक तुकडा, वरच्या दोघींना दुसरा. पिकअप एकच, जागा ठरलेली, नॉब दोन. पर्याय कमी असल्यामुळे बिघडवायलाही फारसे काही नसते. मधल्या पट्टीत तिचा आवाज भरीव असतो आणि गर्दीत टिकतो.

1960 मध्ये आलेल्या जॅझ बेसला दोन पिकअप असतात, एक घोडीजवळ आणि एक त्याच्या अलीकडे. दोन्ही पूर्ण उघडले की दोन जागांचे आवाज मिसळताना मधले काही उपस्वर एकमेकांना खातात. असा मध्यभाग पोकळ झालेला टोन घरी फार सुंदर वाटतो. मांडवात नेमका तोच मध्यभाग लागतो आणि बेस दिसते पण ऐकू येत नाही. अशा वेळी घोडीकडचा पिकअप पूर्ण ठेवून दुसरा थोडा उतरवला तर सूर पुन्हा वर येतो.

1976 ची स्टिंगरे तिसऱ्या वाटेने गेली. घोडीकडे एक जाडजूड हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, आणि बेसच्या पोटातच बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प. याला ॲक्टिव्ह बेस म्हणतात. नुसत्या पिकअपचा नाजूक सिग्नल लांब केबलमध्ये वरची धार गमावतो. प्रीॲम्प असला की ती टिकते. शिवाय खालचे-वरचे सूर बेसवरच वाढवता येतात. त्याचा तोटा कार्यक्रमाच्या मध्यावर बॅटरी संपली की कळतो.

आज स्वस्तातल्या बहुतेक बेस या तिघींपैकी कुणाची तरी नक्कल असतात किंवा दोघींची सरमिसळ. म्हणून खरेदी करताना कंपनीच्या नावाआधी पिकअप कुठे आहे ते बघावे. भीमगीते, भजने, चित्रपटगीते असे सगळे एकाच बेसवर वाजवायचे असेल तर प्रिसिजनच्या जागेवरचा पिकअप असलेली बेस सहसा दगा देत नाही.

मांडवातली घूं

गावातल्या मांडवात आणखी एक वादक न बोलावता येतो. त्याचे नाव वीज. आपल्याकडचा वीजपुरवठा 50 हर्ट्झचा. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी सूर 49 हर्ट्झचा. म्हणजे विजेची घूं थेट बेसच्या घरात घुसते, आणि तिचा 100 हर्ट्झचा उपस्वर तर आणखी ठळक ऐकू येतो. रोषणाईच्या माळा, डिमर, शेजारचे जनरेटर या सगळ्यांतून ती पिकअपमध्ये शिरते.

यावरचा इलाज दोन कॉइलच्या उलट जोडणीत आहे. दोन कॉइल एकमेकींच्या उलट गुंडाळल्या आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवले, तर तारेचा आवाज बेरजेत येतो आणि बाहेरची घूं वजाबाकीत जाते. गिब्सनमध्ये सेथ लव्हरने 1955 मध्ये गिटारसाठी असा हमबकर बनवला. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांतही हीच युक्ती आहे. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप सारखे उघडे असताना घूं दबते, एकच ठेवला की परत येते. मांडवात वाजवणाऱ्यासाठी हा फरक लाकडाच्या जातीपेक्षा मोठा आहे.

घूं घालवण्यासाठी काही जण प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. तसे कधीही करू नये. ओल्या जमिनीवर उभे राहून लोखंडी तारांना हात लावणाऱ्याच्या ते जिवावर बेतते. बेसचा सिग्नल मिक्सरकडे पाठवणाऱ्या डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण याच कामासाठी दिलेले असते.

बोटे आणि तारा

टोनच्या गप्पांत मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमरसनचे नाव येतेच. 1960 च्या दशकात डेट्रॉइटमध्ये त्याने वाजवलेली बेस जगभर गेली. साहित्य काय, तर एक प्रिसिजन, जुन्या झालेल्या सपाट तारा आणि उजव्या हाताची तर्जनी. बरेच रेकॉर्डिंग बेस थेट मिक्सरला जोडून झालेले. मुंबईत आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ यांची बेस ऐकतानाही हेच जाणवते: आधी लय आणि जागा, मग यंत्र.

सपाट तारांचा आवाज गोल आणि लवकर मावळणारा असतो. हार्मोनियम-ढोलकीच्या भजनात तो चांगला बसतो. गोल गुंडाळीच्या तारा चकाकतात, बोटांची करकर ऐकवतात. रॉक आणि झणझणीत नाचगाण्यांना त्या हव्यात. तारांचा नवा संच हा टोनमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा बदल. त्याहून स्वस्त म्हणजे छेडण्याची जागा बदलणे. हात घोडीकडे नेला की आवाज आवळतो, दांडीकडे नेला की पसरतो. त्याला काही पैसे पडत नाहीत.

पेडलचा हिशेब

पैशाची गोष्ट पवनारमध्ये करताना विनोबांची आठवण टाळता येत नाही. धाम नदीकाठच्या परंधाम आश्रमात त्यांनी 1950 च्या सुमारास कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग केला. बेसवादकाकडून तेवढ्या वैराग्याची अपेक्षा नाही, पण पायाखाली सहा पेडल पसरण्याआधी प्रत्येकाचे काम विचारावे.

पहिले काम डीआयचे. बेसचा सिग्नल तीस मीटर दूरच्या मिक्सरपर्यंत न बिघडता न्यायचा तर तो संतुलित करून पाठवावा लागतो. प्रीॲम्प आणि डीआय एकत्र असलेले पेडल घेतले तर टोनही हातात राहतो आणि ॲम्प न नेताही कार्यक्रम होतो. पहिली खरेदी हीच असावी.

दुसरा कंप्रेसर. तो जोराचा ठोका दाबतो, हलका उचलतो. त्यामुळे मोठ्या स्पीकरवर एखादा सूर धडकन्‌ उसळत नाही. प्रमाणात ठेवावा, नाहीतर वाजवण्यातला जिवंतपणाच सपाट होतो.

तिसरे ओव्हरड्राइव्ह, आणि त्याची गरज फोनच्या स्पीकरपर्यंत जाऊन भिडते. ओव्हरड्राइव्ह नवे उपस्वर तयार करते, म्हणून छोट्या स्पीकरवरही बेस ‘दिसते’. पण ट्यूब स्क्रीमरसारखी गिटारची पेडल खालचा भाग मुद्दाम कापतात. बेससाठी घेताना मूळ स्वच्छ आवाज मिसळण्याचा ‘ब्लेंड’ नॉब आहे का, ते पाहावे. असली पेडल आता मुंबईतही बनतात. ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन ही तिथलीच कंपनी.

कोरस, एन्व्हलप फिल्टर ही मजेची पेडल, एखाद्या गाण्यापुरती. ऑक्टेव्ह पेडल खालच्या ई तारेवर लावले तर ते 20.6 हर्ट्झचा सूर काढायला बघते. माणसाच्या कानाची हद्दच वीसच्या आसपास संपते आणि मांडवातले स्पीकर त्याआधीच हात टेकतात. अशा सगळ्या चवी एकदा चाखून बघायच्या असतील तर लहानसे मल्टीइफेक्ट पुरे. त्यात ट्यूनरही असतो. आणि चार पेडल एकाच अडॅप्टरवर टांगल्यास ज्या घूंला पिकअपमधून हाकलले, ती मागच्या दाराने परत येते.

आवाज वाढला की टोन बदलतो

फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवले की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात. घरी रात्री हळू वाजवताना म्हणून आपण बासचा नॉब वर चढवतो. तीच सेटिंग मांडवातल्या मोठ्या आवाजात गेली की सगळे घुमते आणि गायकाचे शब्द बुडतात. त्यात डग्ग्याचा घुमारा साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बेसच्या मुख्य जागेवरच बसलेला. दोघेही जाड झाले तर दोघेही हरवतात.

म्हणून मांडवात चाळीसच्या खालचे कापून टाकावे, शंभरच्या आसपास डग्ग्याला थोडी वाट द्यावी आणि अडीचशे ते आठशेच्या पट्टीत बेसला किंचित वर काढावे. हा टोन एकट्याने ऐकला तर जरा नाकातून बोलल्यासारखा, रुक्ष वाटतो. ढोलकी सुरू झाली की तोच नेमका लागतो. खात्री करायची तर साउंडचेकला लांब केबल लावून प्रेक्षकांच्या मधोमध उभे राहून वाजवावे. स्टेजवर ॲम्पसमोर ऐकलेला टोन फक्त वादकालाच मिळतो.

खर्चाचा क्रमही यातूनच निघतो: योग्य जागी पिकअप असलेली साधी बेस, नव्या तारा, चांगली केबल, डीआय; उरले तर कंप्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह. त्यापुढचे पेडल घ्यावे की नाही, हे व्हिडिओखालच्या अनोळखी माणसांना विचारू नये. दोन कार्यक्रम वाजवावेत आणि आपल्या ढोलकीवाल्याला विचारावे. तुमचा सूर ऐकून त्याला ठेका धरता येत असेल, तर टोन झाला.